शिंगरू केंटकीचं, कोयता केजचा

सप्टेंबर महिना बाजाराचा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराजवळ, कीनलँड म्हणून एक ठिकाण आहे. शर्यतीच्या घोड्यांची वर्ष-दीड वर्षाची शिंगरं या महिन्यात तिथं लिलावाला उभी राहतात. त्याच सुमाराला आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागात ऊसतोडीचे मुकादम वही काखेत मारून वाड्यावस्त्यांवर फिरतात आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ मजुरी, वाटतात. तिकडं हातोडा पडतो, इकडं अंगठा. बाकी दोन्ही बाजार सारखेच, असं मला बरेच दिवस वाटत होतं. अलीकडं मत बदललंय. तिकडं मालाची काळजी घेतात.

 

हे सगळं मी शेजारच्या तात्यांना समजावून सांगत होतो. तात्यांनी सांगली-कोल्हापूरकडं ऊसतोडीचे बत्तीस हंगाम काढलेत. बाजार त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो, मला नुसता पेपर वाचता येतो.

म्हटलं, तात्या, थरोब्रेड म्हणजे अस्सल रक्ताचा घोडा. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपाशी जगातल्या सगळ्या थरोब्रेडांचं मूळ जाऊन टेकतं: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. बाप कोण, आईचा बाप कोण, आजीनं किती शर्यती मारल्या, सगळं पुस्तकात छापलेलं. कृत्रिम रेतन चालत नाही. आपल्या जनावरांच्या दवाखान्यातली कांडी तिथं वर्ज्य, घोडा जातीनं हजर पाहिजे. आणि त्याची फी बहुतेक वेळा शिंगरू जन्मून, चार पायांवर उभं राहून दूध प्यायल्यावरच द्यायची.

“तीन पिढ्यांची नोंद आमचीबी हाय की,” तात्या म्हणाले. “मुकादमाच्या वहीत.”

उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेडांचा वाढदिवस १ जानेवारी. शिंगरू मार्चात होवो की मे महिन्यात, नव्या वर्षाला ते एक वर्षाचं धरतात. हे वाचून मला अजिबात परकं वाटलं नाही. निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस गुरुजींनी १ जून लिहून ठेवलेला आहे. साहेबाच्या घोड्याला आणि आमच्या पोराला एकच न्याय लागू असलेली ही बहुधा एकमेव जागा.

आता पारख. आमच्याकडं नेकनूरच्या किंवा हिरापूरच्या बाजारात बैल घ्यायचा म्हणजे आधी तोंड उघडून दात बघायचे. आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला. मग चालवून बघायचं, खांदा चाचपायचा, भोवरा कुठं आहे ते हेरायचं, आणि शेवटी हेडी रुमालाखाली बोटं धरून भाव सांगणार. भाव सगळ्या बाजारासमोर ठरतो आणि दोघांशिवाय कुणाला कळत नाही. एवढी गुप्तता आपल्या निविदांना कधी साधली नाही. कीनलँडला शिंगराच्या पायांचे एक्स-रे काढून ठेवलेले असतात, श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघतात. गिऱ्हाइकाचा डॉक्टर सगळं वाचतो आणि मग गिऱ्हाईक आकडा बोलतं.

कोयत्याची पारख कशी करतात? मुकादम एकच गोष्ट विचारतो: “जोडी हाय का?” नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. दोन माणसं मिळून एक हत्यार होतं, हे गणित जगाच्या पाठीवर आम्हीच बसवलं. पोराचं लग्न घाईनं का उरकतात, असं बाहेरून आलेले अभ्यासक विचारतात. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते, म्हणून.

मंदीचंही ऐका. २००८ च्या सप्टेंबरात कीनलँडचा लिलाव ऐन भरात असताना न्यूयॉर्कात लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली. त्या वर्षी सुमारे ३३ कोटी डॉलरची शिंगरं विकली गेली. पुढच्या सप्टेंबरात आकडा १९ कोटींवर आला, म्हणजे एका वर्षात ४१ टक्के उतार. पैदास करणाऱ्यांनी मग हात आखडता घेतला. अमेरिकेत वर्षाला पस्तीस हजारांच्या घरात थरोब्रेड शिंगरं जन्मायची, काही वर्षांत ती वीस-बावीस हजारांवर आली. भाव पडला तर माल कमी काढायचा, हे घोड्यांच्या धंद्याला समजलं. आमच्या कांद्याच्या धंद्याला अजून समजायचंय.

बीडला मंदी येण्यासाठी न्यूयॉर्कातली बँक बुडावी लागत नाही. एक नक्षत्र कोरडं गेलं की पुरे. २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकड्यांनी चारा छावण्या होत्या आणि माणसं जनावरांसोबत छावणीत झोपत होती. त्याआधी २०१५ च्या मार्चमध्ये बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि थकलेल्या बैलाचं गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं झालं. पूर्वी जुनी जोडी मोडून आलेल्या पैशात थोडी भर घातली की नवी जोडी दावणीला यायची. आता जुनी विकत नाही आणि नवी परवडत नाही. गाडीला जुंपायला बैल नसला तरी माणूस असतोच. त्याच्या विक्रीवर कायद्यानं बंदी आहे, म्हणून आम्ही त्याला उचल म्हणतो.

तोडणीचा दरही वाढत नाही असं नाही. बैठकांवर बैठका होऊन २०२४ च्या जानेवारीत तो ३४ टक्क्यांनी वाढला. तोपर्यंत निम्मा हंगाम सरला होता. शिवाय फडात आता हार्वेस्टर उतरलंय. त्याला डिझेल लागतं, पण त्याचं पोर आजारी पडत नाही.

सरकार मात्र मंदीत घोड्याच्या पाठीशी उभं राहिलं, हे नोंदवलं पाहिजे. जिवंत घोड्यावर १२ टक्के जीएसटी होता, तो २०२५ च्या सप्टेंबरात ५ वर आणला. त्याच दिवशी शर्यतीच्या पैजेवरचा कर २८ वरून ४० टक्के केला. म्हणजे घोडा स्वस्त आणि घोड्याकडून ठेवायची आशा महाग. बैलाला जीएसटी नाही, गाढवालाही नाही. आमच्या हद्दीलगत मढीला कानिफनाथाच्या यात्रेत रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो, तो करमुक्त आहे. गाढवानं इतकी शतकं जी माती वाहिली, तिची कुणीतरी दखल घेतली म्हणायची.

कीनलँडला नोव्हेंबरात आणखी एक बाजार भरतो, तो पैदाशीच्या घोड्यांचा. गाभण घोडीची किंमत पोटातल्या शिंगराचा बाप कोण, यावरून ठरते. घोडीचं गर्भाशय डॉक्टर तपासतो. घोडीचा विमा निघतो, पोटातल्या शिंगराचाही निघतो. हे मी तात्यांना सांगत होतो तेव्हा त्यांची सून दारात भाकरीचं पीठ चाळत होती. मी आवाज खाली घेतला.

कारण नोव्हेंबरात आमच्या बाया फडावर पोचलेल्या असतात. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याला दंड. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. दुखतंय म्हणून गावी परतल्यावर दवाखान्यात गेलं की पिशवी काढून टाकायचा सल्ला तयार. मूल झालेलं आहेच, मग कटकट कशाला ठेवायची? २०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली. मग समिती नेमली गेली. केंटकीत तीन वर्षांत इतक्या घोड्या अशा निकामी झाल्या असत्या तर विमा कंपन्यांनी समितीची वाट पाहिली नसती.

विषय बदलावा म्हणून मी तात्यांना ‘द ग्रीन मंकी’ची गोष्ट सांगितली. नाव माकडाचं, पण घोडा. २००६ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात दोन वर्षांचा असताना त्याचा लिलाव झाला. विक्रीआधी त्याला एक फर्लांग पळवून दाखवला, ९.८ सेकंदांत. बघणाऱ्यांचे डोळे फिरले. बोली चढत चढत १ कोटी ६० लाख डॉलरवर थांबली, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे ७० कोटी रुपये. त्याआधी एवढी किंमत लिलावात कुठल्याच थरोब्रेडला मिळाली नव्हती.

“मग? किती शर्यती जिंकला?”

“एकही नाही. तीनदा पळाला. एकदा तिसरा आला, हीच काय ती मजल. सगळी मिळून कमाई १०,४४० डॉलर.”

तात्या बराच वेळ गप्प बसले. तंबाखू मळून झाली तरी तळहातावरच राहिली.

“मग त्यानं उचल कशी फेडली?”

म्हटलं, फेडली नाही. त्याला कुणी मागितलीही नाही. फ्लोरिडात पैदाशीला ठेवला, २०१८ मध्ये मेला.

“अन् बाकी कुणाच्या नावावर चढली?”

कुणाच्याच नाही, असं मी सांगितलं. तात्यांना ते पटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या हंगामाची बाकी पोराच्या नावावर चढलेली आहे. दसरा झाला की पोरगा आणि सून ट्रॅक्टरवर बसतील.