ग्राहकाला स्वावलंबी करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत
(फक्त वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी. ग्राहकाच्या हाती पडू देऊ नये.)

वेबसाइटच्या प्रत्येक कोटेशनमध्ये शेवटून दुसरी एक ओळ असते : ‘काम पूर्ण झाल्यावर वेबसाइट चालवण्याचं एक तासाचं प्रशिक्षण मोफत.’ शेवटची ओळ जीएसटीची असते, त्यामुळे ग्राहकाचा सगळा जीव तिच्यात अडकतो आणि प्रशिक्षणाचा विषय निघत नाही. पण कधीतरी एखादा ग्राहक दोन्ही ओळी वाचतो आणि विचारतो, ‘मग शिकवायला कधी येताय?’ पुढील मार्गदर्शन अशा आणीबाणीसाठी आहे.

मालकाने आपलं पान आपणच लिहावं ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही येई आणि तिथल्या तिथे लिहिताही येई. पुढे घराघरांत पोचलेले ब्राउझर मात्र बहुतेक नुसते वाचायचे निघाले, आणि वाचणं व लिहिणं यांच्यामधल्या त्या फटीत आपला धंदा उभा राहिला. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस काढलं आणि ती फट बरीचशी बुजवली. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. म्हणजे मजकूर बदलायचं बटण सगळीकडे पोचलेलं आहे. ते दाबणारा माणूस तयार होऊ नये, यासाठी आता आपल्यालाच कष्ट घ्यावे लागतात.

उदाहरणादाखल रत्नागिरीकडचे एक आंबा बागायतदार घेऊ. त्यांना काका म्हणू, कारण सगळेच म्हणतात. काकांच्या वेबसाइटवर वर्षाकाठी बदलण्यासारख्या गोष्टी तीन : हापूसचा डझनाचा भाव, जो मार्चात चढा असतो आणि मे उजाडेपर्यंत उतरतो, ‘बुकिंग सुरू’ ही पाटी, जी पावसाच्या सुमारास उतरवायची असते, आणि एखादा नवा फोटो. तीन कामं, पंधरा मिनिटांत शिकवून होतात. राहिलेली पंचेचाळीस मिनिटं सत्कारणी लावणं यातच प्रशिक्षकाचं कौशल्य आहे.

पायरी १ : योग्य माणूस बाहेर ठेवणे

प्रत्येक धंद्यात तीन माणसं असतात. पैसे देणारे काका. मत देणारा त्यांचा मुलगा, जो बेंगळुरूला आयटीत असतो. आणि फोन घेणारी, पेट्यांवर नावं चिकटवणारी, टॅलीत बिलं करणारी ऑफिसातली ताई. आजचा भाव काय, हे काकांच्याही आधी ताईला ठाऊक असतं, कारण गिऱ्हाइकाचा फोन तिलाच येतो.

प्रशिक्षणाला काकांना खुर्चीत बसवावं. मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्यावं. ताईला चहा सांगायला पाठवावं. मुलगा पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, ‘वर्डप्रेस का घेतलं? रिअ‍ॅक्टमध्ये का नाही केलं?’ या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. तो जितका लांबेल तितका आपल्या फायद्याचा. काका दोघांकडे अभिमानाने बघत राहतील, आणि माउसला कोणाचाही हात लागणार नाही.

पायरी २ : मुहूर्त काढणे

आंबेवाल्यांना एप्रिलमध्ये शिकवावं. क्लासवाल्या सरांना दहावीच्या निकालाच्या आठवड्यात, मंगल कार्यालयवाल्यांना मे महिन्याच्या दाट तिथीला आणि सीएंना जुलैच्या शेवटच्या दिवसांत. ऑगस्टात काका रिकामे असतात, म्हणून ऑगस्ट कटाक्षाने टाळावा. माणूस रिकामा असला की लक्ष देतो, आणि लक्ष दिलं की त्याच्या ध्यानात राहण्याचा धोका संभवतो.

पायरी ३ : किल्ली देणे

वर्डप्रेसमध्ये माणसाला पाच प्रकारचे अधिकार देता येतात : अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर आणि सबस्क्रायबर. भाव बदलायला एडिटर पुरेसा होतो. एडिटरला पानं लिहिता-खोडता येतात, पण वेबसाइटची यंत्रणा त्याच्या हाती लागत नाही. हा सुरक्षित मार्ग सुचवून बघायला हरकत नाही, कारण तो टिकतच नाही.

‘काका, तुमचं एडिटर म्हणून खातं उघडलंय.’

‘एडिटर? आणि मालक कोण?’

‘तुम्हीच की.’

‘मग मालकाचं उघड.’

आता काका अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झाले. त्याच संध्याकाळी त्यांना प्लगइनची लांबलचक यादी दिसते. आयुष्यभर बागेत अनावश्यक मजूर न ठेवलेला हा माणूस म्हणतो, ‘एवढे सगळे लागतात कशाला?’ आणि त्यातले चार बंद करतो. त्यातला एक गिऱ्हाइकांचे पैसे घेणारा असतो. आपण फक्त फोनची वाट बघावी.

पासवर्डबाबत नियम सोपा आहे. तो भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहायला सांगावा. एक जानेवारीला कॅलेंडर बदलतं आणि पासवर्ड रद्दीत जातो. नवा पासवर्ड मागवायचा तर तो जुन्या क्लार्कच्या ईमेलवर येतो, आणि ओटीपी काकांच्या मोबाइलवर, जो त्या वेळी रेंज नसलेल्या बागेत असतो. इतकी मजबूत सुरक्षाव्यवस्था पैसे मोजूनही मिळत नाही.

पायरी ४ : मराठी मजकूर

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, म्हणजे त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण काकांची पत्रकं छापणारा डीटीपीवाला श्रीलिपीत किंवा कृतिदेवात टाइप करतो. या जुन्या फाँटची गंमत अशी, की दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट काढला की ‘अस्सल हापूस’च्या जागी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची पंगत बसते. काका ती फाइल पेनड्राइव्हवर आणतात, मजकूर पानावर चिकटवतात आणि आपल्याला म्हणतात, ‘त्याच्याकडे तर नीट दिसत होतं!’

या ठिकाणी आपण युनिकोड म्हणजे काय हे सविस्तर सांगावं. फळ्यावर आकृती काढता आली तर उत्तम. एक गोष्ट मात्र काकांच्या लक्षात आणून देऊ नये : ते रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर जे मराठी लिहितात, ते युनिकोडच असतं. मोबाइलवर लिहून तोच मजकूर वेबसाइटवर टाकला तर एक अक्षर हलत नाही. हे कळलं तर डीटीपीवाल्याचं आणि आपलं, दोघांचंही नुकसान आहे.

पायरी ५ : फोटो

साध्या मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. पानाला त्याच्या निम्मी रुंदीही पुष्कळ होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस अवाढव्य फोटो आपोआप २५६० ठिपक्यांपर्यंत आणतं, त्यामुळे पान बसून जाण्याची मौज आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरी निराश होऊ नये. काकांकडे फ्लेक्स आहे.

नाक्यावर लावलेला फ्लेक्स जेपीजी करून वेबसाइटच्या पहिल्या पानावर टाकायचा, ही कल्पना प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्रपणे सुचते. फ्लेक्समध्ये भाव, पत्ता, फोन नंबर, काकांचा हसरा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची रांग असते. रस्त्यावर वीस फुटांचा असलेला तो मजकूर मोबाइलवर वीतभरही उरत नाही. फोन नंबर चित्रातला, म्हणून त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. आणि सोमवारी भाव उतरला, की पुन्हा डीटीपीवाल्याकडे जाऊन नवा फ्लेक्स बनवावा लागतो. अशा वेळी विरोध करू नये. ‘छान उठून दिसतंय’ म्हणावं. वर हलणारी पट्टी हवी असेल तर तीही द्यावी. मार्की हा टॅग एचटीएमएलच्या प्रमाणात केव्हाच कालबाह्य ठरवला आहे, पण ब्राउझर तो अजून मुकाट्याने चालवतात. त्यांचीही ग्राहकाशी ओळख दिसते.

पायरी ६ : भीती टिकवून धरणे

ग्राहक बटण दाबत नाही त्याचं खरं कारण अज्ञान नाही. ‘काही उडालं तर?’ हे आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर दिवसातून तीनदा भाव बदलणारे हेच काका वेबसाइटसमोर हात जोडून बसतात, ते याच धास्तीने.

म्हणून पुढील माहिती अत्यंत गोपनीय समजावी. वर्डप्रेस प्रत्येक पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं. दोन क्लिकमध्ये कालचं पान परत येतं. कचऱ्यात टाकलेलं पानही ३० दिवस तिथेच पडून असतं. त्यावर रोजचा बॅकअप असेल, तर भाव बदलताना वेबसाइट कायमची बिघडवणं हे काकांच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, एक पान मुद्दाम उडवायला लावलं आणि परत आणून दाखवलं, तर भीती तिथेच संपते. हा प्रयोग चुकूनही करू नये. त्याऐवजी गंभीर चेहऱ्याने ‘हे लाल बटण मात्र दाबू नका हं’ एवढंच म्हणावं.

पायरी ७ : प्रात्यक्षिक

शेवटची पाच मिनिटं प्रात्यक्षिकाची. माउस काकांच्या हाती द्यावा. ते बदल जतन करायचं बटण शोधू लागतील. ते समोरच असतं. आता प्रशिक्षकाची खरी कसोटी आहे. हात पाठीमागे बांधून तो एक मिनिट गप्प राहिला, तर काकांना बटण सापडेल आणि ते आयुष्यभर सापडत राहील. हा अनर्थ टाळण्यासाठी आपल्या व्यवसायात एक वाक्य प्रचलित आहे : ‘द्या इकडे, मी दाखवतो.’ या वाक्यासरशी माउस आपल्याकडे येतो, पुढची तीन कामं दहा सेकंदांत होतात, काका ‘वा!’ म्हणतात आणि प्रशिक्षण संपन्न होतं.

पायरी ८ : पुस्तिका

ग्राहकाच्या हाती काहीतरी ठेवून निघावं. ‘भाव बदलायचा असेल तर’ एवढ्या मथळ्याखाली चार ओळींची चिठ्ठी संगणकाच्या कडेला चिकटवणं अव्यावसायिक दिसतं. स्क्रीनशॉट, बाण आणि अनुक्रमणिका असलेली जाडजूड पीडीएफ द्यावी. ती टिकेल याची मात्र हमी देऊ नये. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या ५.० आवृत्तीत लिहिण्याची सगळी खिडकीच बदलली. नव्या एडिटरला नाव दिलं गुटेनबर्गचं, म्हणजे छपाईचे खिळे घडवणाऱ्या थोर माणसाचं, आणि त्याच्या नावाने जगभरातल्या छापील पुस्तिका निकामी झाल्या.

पायरी ९ : नाळ न तोडणे

इतकं करूनही मन शंकित असेल, तर डोमेन आपल्या नावावर घ्यावं. काकांच्या आडनावाचं डॉटकॉम, पण मालक म्हणून नोंद आपली आणि ईमेलही आपला. काकांना हे कळतं ते डिझायनर बदलायची वेळ आल्यावर, किंवा आपण नूतनीकरण विसरल्यावर. डॉटकॉमची मुदत संपली, की बहुतेक विक्रेते काही दिवस सवलत देतात. त्यानंतर ३० दिवस जबर शुल्क भरून नाव सोडवता येतं, आणि आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. रत्नागिरीचा हापूस म्हणून परराज्यातला आंबा विकला जाऊ नये यासाठी २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. काकांच्या स्वतःच्या नावाला मात्र तेवढंही संरक्षण नाही, कारण ते आपल्या क्रेडिट कार्डावर आहे.

अपेक्षित परिणाम

वरील पायऱ्या नीट पाळल्यास ‘बुकिंग सुरू’ ही पाटी दिवाळीपर्यंत दिमाखात झळकते. ऑक्टोबरात नाशिकच्या एका बाई मार्चमधल्या भावाने दोन पेट्यांचे पैसे ऑनलाइन भरतात आणि आंबे कधी येणार म्हणून विचारतात. ताई त्यांची समजूत काढते, काका आपल्याला फोन करतात, आपण ‘तुम्हाला शिकवलं होतं ना, काका?’ असं प्रेमळ स्वरात म्हणतो आणि पाटी उतरवतो. वार्षिक देखभालीचा करार पुढच्या वर्षासाठी वाढतो.

प्रशिक्षण चुकून यशस्वी झाल्यास

क्वचित असं घडतं, की चहाचा ट्रे घेऊन आलेली ताई दारातच उभी राहते आणि पडद्याकडे बघते. तिला युनिकोड, रिअ‍ॅक्ट आणि प्लगइन यांतलं काहीच नको असतं. भाव कुठे लिहायचा एवढंच तिला हवं असतं, आणि ते ती आपल्या खांद्यावरून पाहून घेते. मग ती काकांकडून पासवर्ड मागते आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवते. त्यानंतर भाव उतरला की दुपारच्या जेवणाआधी पानावर उतरलेला दिसतो. जूनच्या पहिल्या पावसात ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षी नक्की या’ अशी ओळ येते, आणि पैसे भरायचं बटण दिसेनासं होतं. आपला फोन वाजायचा थांबतो.

एप्रिलमध्ये करार घेऊन गेल्यावर काका चष्म्यावरून बघत विचारतात, ‘वर्षभरात तू केलंस काय?’

अशा वेळी वाद घालू नये, बॅकअपचा हिशेबही मांडू नये. वेबसाइटवर एक नजर टाकून सुस्कारा सोडावा आणि म्हणावं, ‘काका, डिझाइन आता फार जुनं वाटतंय.’ नव्या डिझाइनमध्ये सगळी बटणं जागा बदलतात. कोटेशन द्यावं, शेवटून दुसरी ओळ न विसरता लिहावी, आणि या वेळी चहाला नाही म्हणावं.