माजी बोटक्लबवाला

नळाला दर काही दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात राहून, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या नदीत बोटी नीट चालल्या आहेत ना याची काळजी वाहणाऱ्या माणसाला माजी बोटक्लबवाला म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात तो सिडको, गारखेडा, उल्कानगरी या भागांत राहतो आणि दिवसा वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत सापडतो. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे ‘सीओईपी’त झालेले असते. पदवी यंत्रांची किंवा इमारतींची असली, तरी चार वर्षांचा विषय निघाला की तो फक्त बोटींविषयी बोलतो.

या जातीचा उगम १९२८ सालचा. कॉलेज १८५४ पासूनचे. पण त्याचा बोट क्लब १९२८ मध्ये निघाला. विश्वेश्वरय्या याच कॉलेजचे विद्यार्थी, पण ते १८८० च्या दशकातच शिकून बाहेर पडले. त्यामुळे एवढा मोठा माणूस वल्हे न मारताच गेला, याची हळहळ माजी बोटक्लबवाल्याला वाटते. २०२२ मध्ये कॉलेजचे तंत्रज्ञान विद्यापीठ झाले, हे त्याला कागदोपत्री मान्य आहे. बोलताना मात्र तो ‘आपलं कॉलेज’ असेच म्हणतो आणि समोरचा त्या कॉलेजचा आहे की नाही, हे विचारत बसत नाही.

पुण्याच्या नदीत वल्हवण्याइतके पाणी उभे राहते, त्याचे श्रेय नदीपेक्षा बंडगार्डनच्या बंधाऱ्याला अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या मदतीने तो बांधला गेला आणि मुळा-मुठेच्या संगमाकडचे पाणी तुंबून राहिले. बंधाऱ्याजवळचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, म्हणजे कॉलेजच्या क्लबाहून साठ वर्षांनी मोठा. संभाजीनगरातही सिडकोत एक कॅनॉट आहे, पण तिथे बोटी नाहीत, चहा-नाश्ता आहे. माजी बोटक्लबवाल्यांच्या बैठका तिथेच भरतात.

त्याचे वागणे समजून घ्यायचे तर आधी हा खेळ समजून घ्यावा लागतो. रोइंगची ऑलिंपिक शर्यत २००० मीटरची, सरळ रेषेत. एका माणसाची स्कल बोट आठेक मीटर लांब आणि अवघी १४ किलो वजनाची. तिच्यात नुसते नीट बसायला शिकण्यातच नवख्याचे बरेच दिवस जातात. बैठक रुळांवर सरकते, जोर पायांचा असतो, हात नंतर. वल्हे वेळेवर पाण्याबाहेर निघाले नाही तर त्याला ‘क्रॅब’ म्हणतात. मग तेच वल्हे उलटून मालकाच्या बरगडीत बसते, बोट थांबते आणि संघाच्या बोटीत कॉक्सचा, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याचा, आवाज येतो. वल्हवणाऱ्यांची तोंडे मागे असतात; पुढचे दिसते ते एकट्या कॉक्सला. म्हणून वल्हे न मारणाऱ्या त्या एकाच माणसाला सगळ्यांवर ओरडण्याचा अधिकार आहे.

पण अनुयायी घडतो तो या खेळाच्या दुसऱ्याच एका गुणामुळे. काठावरून शर्यत दिसतच नाही. सुरुवात दोन किलोमीटर दूर होते. तिथे काही ठिपके हलल्यासारखे वाटतात, मग बराच वेळ काही होत नाही, आणि अचानक समोरून दोन-चार बोटी सरकून जातात. प्रेक्षकाच्या वाट्याला येतात ते शेवटचे अडीचशे मीटर, म्हणजे मिनिटभराचाही मजकूर नाही. उरलेले १७५० मीटर कुणीतरी सांगावे लागतात. माजी बोटक्लबवाला ते सांगतो. ही त्याची खरी कामगिरी असून क्रिकेटच्या शौकिनाला ती कधीच जमणार नाही, कारण त्याने जे सांगितले ते लोकांनी आधीच पाहिलेले असते.

ओळखण्याच्या खुणा थोड्या, पण पक्क्या. तळहातावरचे घट्टे जाऊन वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात. तरी तो हात उघडून दाखवतो आणि पाहणारा भिडेखातर ‘हो का’ म्हणतो. कपाटात क्लबचा एक टी-शर्ट असतो. तो अंगात शिरत नाही आणि बोहारणीकडेही जात नाही. चौघांच्या बोटीतले मित्र एकमेकांना नावाने नव्हे, जागेने ओळखतात: बो, टू, थ्री, स्ट्रोक. त्यामुळे ज्याच्या केबिनबाहेर तीन मॅनेजर ताटकळत उभे आहेत, त्या प्लँट हेडला फोनवरून ‘ए टू, जेवलास का?’ असे विचारले जाते आणि तो आत हसतो, बाहेर मीटिंग लांबते.

या जातीच्या चार पोटजाती आहेत. पहिली, खरोखर वल्हवलेल्यांची. ही मंडळी कमी बोलतात. मोबाईलवरच्या गटात शर्यतीचा निकाल आला की एक अंगठा टाकतात आणि कामाला लागतात. या पोटजातीत माजी विद्यार्थिनींचे प्रमाण चांगले आहे. पुष्कळ जणींच्या सासरी ही गोष्ट ठाऊकच नसते, आणि एखाद्या लग्नात जड पातेले एकटीने उचलले की मग चौकशी सुरू होते. दुसरी पोटजात माजी कॉक्सची. नियमाने कॉक्सचे वजन किमान ५५ किलो लागते. कमी पडले तर बोटीत वजन ठेवून भरून काढतात. ही अडचण आता त्याला उरलेली नाही. आवाज मात्र तोच आहे आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो उपयोगी पडतो. तिसरी पोटजात राखीव खेळाडूंची. बोटीत बसायची वेळ फारशी आली नाही, पण प्रत्येक शर्यतीला हजर, त्यामुळे सगळा इतिहास यांच्याकडे. चौथी आणि सर्वांत मोठी पोटजात काठावरच्यांची. हे हॉस्टेलवर राहिले, रेगाटाला गर्दीत उभे राहिले आणि एकदा कुणाची तरी बोट उचलायला हात लावला. ज्याने वल्हे जितके कमी मारले तितका त्याचा अभिमान जास्त, हा नियम चारही पोटजातींना लागू पडतो.

रेगाटा हा या सर्वांचा वार्षिक सण. जगात रेगाटा म्हणजे बोटींच्या शर्यती. इंग्लंडमधल्या हेन्लीची रेगाटा १८३९ पासून चालते ती त्याच अर्थाने. पुण्यात मात्र लोटणारी गर्दी शर्यतीपेक्षा देखाव्याला येते. बाणाच्या आकारात सरकत येणाऱ्या बोटी, पंट नावाच्या सपाट होड्यांवरच्या रचना, कयाकची कवायत आणि अंधार पडू लागला की पाण्यावर हलणारे उजेड. मुले-मुली यासाठी आठवडेच्या आठवडे पाण्यावर असतात. संभाजीनगरचा माजी बोटक्लबवाला त्या दिवशी पहाटेच निघतो. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिसळ होते. वाघोलीच्या गर्दीत गाडी अडकली की रेगाटा चुकणार अशी ओरड होते. ती दरवर्षी होते आणि रेगाटा कधी चुकत नाही. काठावर पोचल्यावर तो पहिली पाच मिनिटे गप्प पाहतो. सहाव्या मिनिटाला म्हणतो, “बाण जरा डावीकडे वाकलाय.” शेजारचा माजी म्हणतो, “आपला तर मोडलाच होता.” मग दोघेही समाधानाने टाळ्या वाजवतात.

उरलेले वर्ष त्याला पाण्यावाचून काढावे लागते. जिममध्ये रोइंग मशीन असते. त्यावर बसून ट्रेनरला वल्हवण्याची खरी पद्धत समजावण्यात वेळ जातो, व्यायाम ट्रेनरचाच होतो. विद्यापीठांच्या स्पर्धांचे चित्रण मोबाईलवर येते, आणि अंतिम शर्यत नेमकी पाण्याच्या दिवशी असते. पडद्यावर बोटी अर्ध्यावर आलेल्या असताना आतून हाक येते, “अहो, वॉल्व्ह सोडलाय, टाकी भरली का बघा आधी. ती नदी कुठं पळून चालली नाही!” तो गच्चीवर जाऊन येईतो शर्यत संपलेली असते. शेवटचे अडीचशे मीटरही हुकतात, आणि मग तो दोन्ही हिस्से सांगतो.

त्याची खरी परीक्षा पैठणला होते. पाहुण्यांना घेऊन कुटुंब नाथांचे दर्शन करते, बायका पैठणीच्या दुकानात जातात आणि हा जायकवाडीच्या धरणाकडे वळतो. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे २७, आणि मागे पन्नासेक किलोमीटर पसरलेला नाथसागर. शहराचे पिण्याचे पाणी इथूनच येते. इतरांना तिथे क्षितिज दिसते, त्याला लेन दिसतात. “सहा सहज बसतील. आठ बसतील!” तो मेहुण्याला सांगतो, आणि बोटाने हवेत २००० मीटरची रेघ ओढतो. मेहुणा विचारतो, “पण दाजी, वल्हवणार कोण?” वाऱ्याची दिशा तपासत असल्यामुळे हा प्रश्न त्याला ऐकू येत नाही. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, असे कुणी लक्षात आणून दिले, तर फ्लेमिंगोंनी सातव्या लेनच्या पलीकडे बसावे, अशी तडजोडही त्याच्याकडे तयार असते.

त्याचे दैवत दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दत्तूचे गाव दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे त्याने पहिल्यांदा वल्हे हाती घेतले आणि चार वर्षांत रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये १३ वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कलमध्ये तो सुवर्णपदक विजेत्या संघात होता. दत्तूचा कॉलेजशी काही संबंध नाही. तरी त्याने पुण्याच्या लष्करी केंद्रात सराव केला, एवढ्या धाग्यावर माजी बोटक्लबवाला त्याला घरचा मानतो. शिवाय वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाड्याचा वाद जुना. “पाणी नाही तर नाही, नाशिकनं वल्हेकरी तरी दिला,” असे म्हणून तो या वादात तोड काढतो. पाटबंधारे खात्याने ती अजून स्वीकारलेली नाही.

परदेशातल्या शर्यतींपैकी ऑक्सफर्ड-केंब्रिजची तो नेमाने पाहतो. ही शर्यत १८२९ मध्ये सुरू झाली. थेम्सवर सुमारे ६.८ किलोमीटर चालते आणि काठावरच्या दाटीत माजी विद्यार्थीही असतात, त्यामुळे त्याला ते घरचे कार्य वाटते. १८७७ मध्ये ती बरोबरीत सुटली आणि १९१२ मध्ये दोन्ही बोटींत पाणी भरल्याने पुन्हा घ्यावी लागली. बोट बुडण्याचा विषय निघाला की तो हे १९१२ साल पुढे करतो आणि स्वतःचे साल मागे ठेवतो.

असे असले तरी तो निरुपयोगी नाही. स्पर्धेची बोट महाग, वल्ही त्याहून नाजूक, आणि शिकणाऱ्या मुलांच्या हातून दोन्हींना इजा होतेच. पैसे उभे करायची वेळ आली की गटात आधी दोन दिवस वाद होतो: बोटीला बॅचचे नाव द्यायचे की नाही, आमच्या वेळी लाकडी बोटी कशा वर्षानुवर्षे टिकत, आणि हिशेब कोण ठेवणार. तिसऱ्या दिवशी पैसे जमतात. सर्वांत जास्त रक्कम बहुधा अंगठा टाकणाऱ्या पोटजातीकडून येते आणि पावतीचा फोटो काठावरचे टाकतात. देताना अट एकच: बोट पाण्यात उतरवताना फोन करायचा. मुले फोन करतात. हा वाळूजच्या शॉप फ्लोअरवरून, प्रेसच्या धडधडीत, बोट कशी उचलायची ते सांगतो. मुलांनी ती आधीच उचलून पाण्यावर नेलेली असते, पण ‘हो सर’ म्हणतात.

या जातीला नामशेष होण्याचा धोका नाही. दर उन्हाळ्यात एक बॅच पदवी घेऊन बाहेर पडते, त्यातले काही नोकरीसाठी संभाजीनगरला येतात, सिडकोत खोली घेतात आणि पाण्याचा वार कोणता ते घरमालकाकडून समजून घेतात. पहिल्या पगाराच्या आत त्यांना गटात घेतले जाते. नवा सभासद आठवडाभर ज्येष्ठांचे ऐकून घेतो. मग कॉलेजच्या नव्या मुलांचा सरावाचा फोटो येतो, आणि तीन महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच बोटीत बसणारा हा बावीस वर्षांचा माणूस लिहितो, “आमच्या वेळी असं नव्हतं.”