आयपी सांगा आधी

प्रत्येक ऑफिसात एक माणूस असा असतो, ज्याचं नेमकं पद कुणालाच ठाऊक नसतं, पण त्याच्या मर्जीशिवाय एक पान छापून येत नाही. पगारपत्रकावर तो कुठे 'सिस्टिम अ‍ॅडमिन' असतो, कुठे 'हार्डवेअर', कुठे नुसताच 'इतर'. बँकेत त्याला आयटीवाले म्हणतात, कॉलेजात लॅबवाले सर आणि आमच्यासारख्या सीएच्या ऑफिसात अण्णा.

अण्णा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात निळ्या केबलचा एक तुकडा. हा तुकडा कुठे जोडलेला आजवर कुणी पाहिलेला नाही, पण तो हातात असला की अण्णा कामात आहेत असं समजायचं. नेट बंद पडलं की बाकीचे धावतात, अण्णा चालतात. चालता चालता एखाद्या टेबलाखाली वाकून वायरींकडे बघतात, 'हं' म्हणतात आणि पुढे जातात. त्या 'हं'मुळे त्या टेबलावरचा माणूस दिवसभर अस्वस्थ.

तक्रार कसलीही न्या, अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"अण्णा, माझा माउस चालत नाहीये."

"आयपी काय तुमचा?"

"अहो, माउस..."

"कळलं. आयपी सांगा आधी."

आयपी म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळालेला आकडी पत्ता. आमच्याकडचे सगळे १९२.१६८ ने सुरू होतात. तुमच्या घरच्या वायफायवरचेही बहुधा तसेच असतील, कारण आकड्यांचे काही गट घरगुती आणि कचेरीच्या वापरासाठी राखून ठेवावेत हे १९९६ सालीच ठरलेलं आहे. लाखो घरांत, दुकानांत तेच पत्ते आहेत आणि बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना कुणी विचारत नाही. अण्णांना मात्र हे पत्ते तोंडपाठ. माणसं नावाने त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "सत्तावीस नंबर आज रजेवर आहे का?" असं ते विचारतात, तेव्हा ऑडिटच्या मॅडमबद्दल बोलणं चाललंय हे आपण ओळखायचं.

तर या अण्णांनी एके दिवशी प्रिंटरवर पत्त्यांची गाळणी बसवली. म्हणजे यादीत असलेल्या पत्त्यांवरूनच प्रिंट निघेल, बाकीच्यांना यंत्र दाद देणार नाही.

निमित्त अगदी साधं होतं. एक क्लायंट सहकुटुंब आले होते. नोटिशीचं उत्तर लिहायचं होतं, बोलणं लांबलं. पोरगं कंटाळलं म्हणून आईने त्याच्या हातात मोबाईल दिला. वायफायचा पासवर्ड बाहेरच्या बाकाशेजारी आम्हीच चिकटवलेला. हल्लीचे फोन नेटवर्कवरचा प्रिंटर आपले आपण हुडकून काढतात. पोराने छापा म्हटलं आणि आतल्या खोलीत आमचं यंत्र रंगीत डायनासोर ओकू लागलं. त्याच ढिगात एका खाजगी कंपनीचा ताळेबंद होता. शिपायाने सगळा गठ्ठा एकत्र स्टेपल केला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्या दुपारी अण्णांना साक्षात्कार झाला.

तसा त्यांचा संशय बिनबुडाचा नव्हता, हे मान्य करायला हवं. नेटवर्कवरच्या बहुतेक प्रिंटरांचा ९१०० नंबरचा पोर्ट उघडा असतो. तिथे जे येईल ते यंत्र छापतं, कोण पाठवतंय हे विचारत नाही. २०१८ च्या शेवटी एका पठ्ठ्याने असे उघडे प्रिंटर इंटरनेटवर शोधले आणि जगभरातल्या सुमारे ५०,००० यंत्रांवर एका यूट्यूबवाल्याची जाहिरात छापली. 'याच्या चॅनेलचे वर्गणीदार व्हा, आणि जमलं तर तुमचा प्रिंटरही नीट करून घ्या,' अशा थाटाचा मजकूर. अण्णा हा किस्सा चहाच्या वेळी सांगतात. त्यांच्या तोंडी आता तो आकडा पाच लाखांवर गेला आहे आणि यूट्यूबवाल्याच्या जागी शेजारचं राष्ट्र आलं आहे. ते प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडे टाकलेले होते, आपला राऊटरच्या आड आहे, असं आर्टिकलच्या, म्हणजे आमच्याकडे सीएची उमेदवारी करणाऱ्या, एका पोराने मध्येच सांगून पाहिलं. अण्णांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुझा आयपी काय रे?" पोरगं गप्प बसलं.

गाळणी बसवायची रीत अवघड नाही. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकायचा, यंत्राचं स्वतःचं पान उघडतं. त्यात सेटिंग, नेटवर्क, फायरवॉल. तिथे दोनच पर्याय : सरसकट 'अलाऊ' किंवा सरसकट 'रिजेक्ट'. खाली अपवादांची यादी. आधी यादीत स्वतःचा पत्ता घालायचा, मग 'रिजेक्ट' निवडायचं, मग ओके. क्रम महत्त्वाचा.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, आम्हाला चार पावलं मागे सरकायला सांगितलं, चष्मा कपाळावर चढवला, 'रिजेक्ट' निवडलं आणि ओके दाबलं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. अण्णांनी यादी भरायला पान उघडलं. पान उघडेना. पुन्हा पत्ता टाकला. पांढरं स्वच्छ. काळ्या खिडकीत पिंग मारून पाहिलं : रिक्वेस्ट टाइम्ड आउट. प्रिंटरने मालकासकट सगळ्यांना एकाच न्यायाने बाहेर काढलं होतं.

सामान्य माणूस इथे ओशाळला असता. अण्णा उठले. "चालतंय बरोबर. ही टेस्टिंगच असते," असं म्हणून ते चालत (धावत नाही) प्रिंटरपाशी गेले आणि यंत्राच्या वीतभर पडद्यावर बोटाने एकेक आकडा टोचायला लागले. तिथून करता येतं, कारण गाळणी नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवते, समोर उभ्या माणसाला नाही. एक एक टिंब, एक एक आकडा. मध्येच चुकून 'कॉपी' दाबलं गेलं आणि एक कोरा कागद बाहेर आला. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, पुरावा म्हणून असेल.

खरी गंमत यादीची. असल्या यंत्रांत अपवादांना मोजक्याच जागा असतात, कुठे दहा, कुठे सोळा. आमच्याकडे सोळा. ऑफिसात संगणक त्याच्या दुपटीहून जास्त. लग्नात आहेराच्या यादीवरून होत नसेल एवढी धुसफूस त्या आठवड्यात झाली. सरांना तीन जागा मिळाल्या : लॅपटॉप, टेबलावरचा संगणक आणि मोबाईल. सरांनी जन्मात स्वतः प्रिंट काढलेली नाही, ते फक्त "अरे, याची एक प्रिंट आण" म्हणतात. धाकट्या पार्टनरना दोनच जागा, म्हणून ते दोन दिवस अण्णांशी बोलले नाहीत. बाहेर जाणारी पाकिटं छापणारं आवक-जावकचं टेबल, म्हणजे दिवसभर ज्याला प्रिंटर लागतो ते, यादीत नव्हतंच. "तुमचं काय असतं हो एवढं?" असं अण्णांनी त्यांना विचारलं.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी, की सोळा जागांत सोळाच पत्ते बसतात असं मुळीच नाही. एका ओळीत अख्खी रांग घालता येते : वीसपासून साठपर्यंत सगळे, संपला विषय. तेही त्याच आर्टिकलच्या पोराने दाखवून दिलं. अण्णांनी त्याला बाजूला घेतलं आणि पोटतिडकीने म्हणाले, "बाळा, सगळ्यांनाच आत घ्यायचं तर फायरवॉल लावायची कशाला?" या प्रश्नाला तंत्रशास्त्रात उत्तर आहे, ऑफिसात नाही. आधी प्रिंटरपाशी जाताना लोक अण्णांना ओलांडून जायचे, आता अण्णांच्या टेबलापाशी थांबून जात होते. कुणी घरची चकली आणत होतं. हिशेबाच्या मॅडमनी तर अण्णांच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनची स्वतःहून चौकशी केली. एवढं वैभव सोडून रांगेची एक ओळ कोण भरील?

पुढे राऊटरने घोळ घातला. पत्ते वाटायचं काम त्याचं आणि तो ते कायमचे देत नाही, मुदतीने देतो. एखादा लॅपटॉप चार दिवस गावाला गेला की त्याचा पत्ता दुसऱ्याला. सर दिल्लीहून परतले, तेव्हा त्यांच्या लॅपटॉपचा पत्ता शिपायाच्या मोबाईलला गेलेला. म्हणजे प्रिंटरच्या दृष्टीने आता शिपाई साहेब होता आणि साहेब परका. सरांनी हाक मारली. अण्णांनी दोघांचे आयपी विचारले, राऊटरमध्ये सरांचा पत्ता राखून ठेवला आणि "आता हलणार नाही" असं सांगितलं. हे सगळ्यांसाठीच पहिल्या दिवशी करता आलं असतं. पण मग हाक कुणी मारली असती?

३१ जुलै आली. विवरणपत्रांची शेवटची तारीख, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही, आणि आर्टिकलची पोरं स्वतःचे लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसलेली. त्यांतला एकही पत्ता यादीत नाही. आणि तरी त्यांतल्या एकाच्या लॅपटॉपवरून प्रिंटा निघत होत्या, एकामागोमाग, गरमागरम.

"हे शक्यच नाही," अण्णा म्हणाले. यंत्राने तेवढ्यात आणखी एक पान काढलं.

कारण पुढे कळलं. हल्लीच्या यंत्राला पत्ते दोन तऱ्हेचे असतात, जुन्या पद्धतीचा चार आकड्यांचा आणि नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा, लांबलचक, आकड्या-अक्षरांचा. गाळण्याही दोन, वेगवेगळ्या. अण्णांनी जुन्या पत्त्यांची वाट बंद केली होती, नव्यांची सताड उघडी होती. विंडोजने त्या पोराला न विचारता तिथून वाट काढली. अण्णांनी लांबलचक पत्त्याकडे क्षणभर पाहिलं आणि निकाल दिला : "ही सहा नंबरची भानगड आपल्याकडे वापरत नाहीत."

बाकीच्यांनी आपापल्या वाटा काढल्याच. हिशेबाच्या मॅडमनी पेनड्राइव्ह थेट प्रिंटरच्या पोटात खुपसला. गाळणी नेटवर्कची असल्यामुळे यूएसबीला ती हात लावत नाही. आवक-जावकवाल्यांनी सरांच्या टेबलावरचा संगणक सर जेवायला गेले की वापरायला सुरुवात केली. त्याचा पासवर्ड सरांच्याच हस्ताक्षरात मॉनिटरला चिकटवलेला आहे.

आणि इतक्या बंदोबस्तानंतर छापून आलेला कागद कुठे पडतो? उघड्या ट्रेमध्ये. दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या बोनसचा तक्ता तिथे दुपारभर पालथाही न घालता पडला होता. जाणारा-येणारा थांबून वाचत होता, चहावाल्यासह. यावर इलाज त्याच यंत्रात आहे : प्रिंट आत थांबून राहते आणि ज्याची त्याने समोर उभं राहून पिन टाकली तरच बाहेर येते. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "आहे तसं. पण मग जो तो आपापली पिन टाकणार." त्यांच्या आवाजात खरं दुःख होतं.

अण्णांना नावं ठेवणं सोपं आहे. डायनासोर पुन्हा आले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पण पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं असतं, किंवा निदान भिंतीवरचा तो पासवर्ड काढला असता, तरी ते आले नसते. तो पासवर्ड अजून तिथेच आहे. प्रिंटरच्या त्या पानात शिरायचा पासवर्डही कंपनीने दिला होता तोच आहे, आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. दोन्ही गोष्टी अण्णांच्या कानावर घातल्या आहेत. त्यांनी 'हं' म्हटलं.

सध्या ऑफिसची निम्मी छपाई खाली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होते. फाईल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, जिना उतरेपर्यंत कागद तयार. त्याच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आमच्या क्लायंटांचे ताळेबंद, पॅन, आधार, भागीदारीचे करार आणि कुणाकुणाच्या लग्नाच्या पत्रिका एकत्र नांदतात. तो कुणाचा आयपी विचारत नाही. एका बाजूचे दोन रुपये, पाठपोट छापलं तर तीन, आणि रविवारीही दुपारपर्यंत दुकान उघडं असतं.