मेहुण्याची हवा

नाशिकहून येणाऱ्या पाहुण्याने चिवडा आणावा, एवढीच आम्हा जामसरकरांची माफक अपेक्षा असते. माझा मेहुणा येताना घरच घेऊन आला.

कामगारांची ने-आण करून थकलेली एक बस त्याने स्वस्तात घेतली, सीटा उपटून दोन पलंग, ओटा आणि फ्रीज बसवला, बाहेरून तारप्याचा नाच काढून घेतला. वारल्यांच्या मुलखात नाशिकहून वारली चित्र रंगवून आणणं म्हणजे धाडसच. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते आपल्याला विचारूनच, अशा थाटात तो बोलतो. गाडीत पडदे कुठल्या दुकानातले, गाद्या किती इंची, सगळं तोंडपाठ. गाडी थांबते कशाने, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही गाडीला विचारलं नव्हतं.

त्र्यंबक सोडून तोरंगण घाट उतरताना गाडीत कसलासा बझर वाजू लागला. मेहुण्याला वाटलं, फ्रीजचं दार उघडं राहिलं. त्याने बायकोला फ्रीज बंद करायला लावला. बझर थांबेना, तेव्हा दूध बाहेर काढायला लावलं. अख्खा घाट त्याने टॉप गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरवला. मोखाड्याला सपाटी लागल्यावर बझर आपोआप थांबला आणि दूध नासलं.

आमच्या अंगणात गाडी उभी राहिली, इंजिन बंद झालं आणि खालून आवाज येऊ लागला. फुस्स्स. बारीक, पण सलग. शेजारच्या काकूंनी पदर खोचला आणि निकाल दिला, "घोणस आहे." घोणशीचा फुत्कार आमच्याकडे पोराटोरांनाही ओळखू येतो. अर्ध्या तासाने आवाज थांबला. "झोपली," काकू म्हणाल्या. सकाळी मेहुण्याने इंजिन चालू केलं, तर घोणस पुन्हा जागी! मग सर्पमित्राला फोन गेला.

हा मुलगा दिवसा गॅरेजात काम करतो आणि बोलावणं आलं की साप धरतो. त्याने आकडीची काठी बाजूला ठेवली, चिखलात पोतं अंथरलं, गाडीखाली सरपटत गेला आणि आतून ओरडला, "काकू, हिला विष नाही. ड्रेन व्हॉल्व लीक आहे." मग मेहुण्याला विचारलं, "साहेब, टाकीचं पाणी कधी सोडलं होतं?"

"अंघोळीच्या?"

"हवेच्या."

हवेच्या टाकीत पाणी असतं, ही बातमी मेहुण्याने एखाद्या नातेवाइकाचं लफडं कळावं तशी ऐकली. पण गोष्ट साधी आहे. इंजिनावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि सात-आठ किलोच्या दाबाने टाकीत कोंबतो. दाबलेली तापलेली हवा टाकीत निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. आणि बाहेरची हवा कुठली, तर आषाढातली जव्हार तालुक्याची! इथे पावसाळ्यात खुंटीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही. वाटेत एअर ड्रायर असतो, पण त्याचं काडतूस ठरल्या मुदतीत बदललं तर तो ड्रायर. नाहीतर नुसता डबा.

पोराने व्हॉल्वची रिंग ओढली. आधी फुर्र्र झालं, मग चहासारखं तपकिरी पाणी आलं, त्यावर दुधाळ तवंग. मेहुण्याच्या बायकोने न राहवून विचारलं, "हे फ्रीजमधलं?" तर नाही, ते तेल. थोडं असेल तर चालतं, फार येऊ लागलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या समजायचं. याच घाणीने व्हॉल्वचं रबर नीट बसत नव्हतं आणि हवा निसटत होती. घाटात ब्रेक दाबून दाबून उरलेली हवाही संपवली, कॉम्प्रेसरला भरायला उसंत मिळेना, काटा खाली आला आणि बझर बोंबलला. तो फ्रीजची नव्हे, जिवाची आठवण करून देत होता. घाट खालच्या गियरमध्ये उतरायचा असतो, हे एसटीत रोज उभं राहून जाणाऱ्या आमच्या सहावीच्या पोरांनाही ठाऊक आहे.

"हवा सगळी संपली असती तर ब्रेकच गेले असते?" मेहुण्याचा आवाज खोल गेला.

"उलटं. मागचे लागले असते," पोरगा म्हणाला. मागच्या चाकांच्या बूस्टरमध्ये जाड स्प्रिंग असते. तिला हवेने मागे रेटून धरलेलं असतं. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम. हवा गेल्यावर ब्रेक लागावा, ही युक्ती मूळची रेल्वेची. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये एअर ब्रेकचं पेटंट घेतलं आणि तीनेक वर्षांत तो असा सुधारला, की डबे तुटून सुटले तरी आपोआप थांबावेत. मला हा माणूस फार आवडला. आपल्या माघारी लोक निष्काळजीच वागणार, हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं. "ती स्प्रिंगची डबी मात्र कधी उघडायची नाही," पोराने बजावलं, "उडाली तर माणूस घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी नवा व्हॉल्व आला. चाकांखाली दगड लावले, टाक्या पूर्ण रिकाम्या केल्या, व्हॉल्व बसला. स्लॅक अ‍ॅडजस्टरना ग्रीस मिळालं, पाइपांच्या जोडांवर लावायला साबणाचा फेस तयार झाला. मेहुणा डाभोसा धबधब्याच्या आणि जयविलास राजवाड्याच्या गोष्टी पुन्हा करू लागला. पोराने हात पुसले, आकडीची काठी उचलली आणि आमच्या पडवीतल्या लाकडांच्या ढिगाकडे निघाला.

"आता तिकडे काय?"

"घोणस. काकूंचं खोटं नव्हतं, जागा चुकली होती. काल गाडीखालून दिसली, पण तेव्हा सांगितलं असतं तर मला पान्हे कोणी दिले असते?"

पुढच्या क्षणी आम्ही सगळे, काकूंसकट, मोटरहोममध्ये होतो. आल्यापासून मेहुणा आत बसायचा आग्रह करत होता, तो असा फळाला आला. काकू ओरडल्या, "गाडी काढ!" मेहुण्याने स्टार्टर मारला. इंजिन धडधडलं, गाडी जागची हलेना. काटा शून्यावर, मागची चाकं जाम, खाली दगड.

"निदान दार तरी लाव!"

दारही हवेवरचंच होतं, त्याच टाकीतल्या. काकूंनी ते दोन्ही हातांनी ओढून धरलं आणि मेहुण्याला विचारलं, "फ्रीज तरी चालतो ना रे?"