आबांचा प्रश्न

वीर धरणातून निघालेला नीरा डावा कालवा वाटेत आधी पुरंदरची शिवारं भिजवतो, मग बारामतीची, आणि त्यातूनही उरलं तर इंदापूरची. आमच्याकडं बाकी सगळंही याच क्रमानं येतं. जीन्स, पिझ्झा, शेअरबाजार, सगळं पुण्याहून बारामतीत मुरतं आणि मग टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, आमच्याकडं पाझरतं. नेतृत्वविकासही तसाच आला. बारामतीच्या एमआयडीसीतले साहेबलोक त्यात कधीच न्हाऊन निघाले होते. इंदापूरकडं तो आला, तो आबांच्या रूपानं.

आबा म्हणजे साखर कारखान्याचे संचालक. कुठल्या कारखान्याचे ते विचारू नका. नीरेपासून भीमेपर्यंत कुठंही उभं राहून "आबा!" अशी हाक मारा, दोघंतिघं तरी वळून बघतील. तिसरी टर्म, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक सहीचं, दुसरं कधीच न चालणारं. पूर्वी आबांकडं तीनच उत्तरं असत: "बघतो", "सांगतो" आणि "होईल". तिन्हींचा अर्थ सभासदांना पाठ होता. कामं होत नव्हती, पण घोटाळा नव्हता.

प्रशिक्षण आबांना नवं नाही. सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनं सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाचं कलमच घातलं आहे. पुण्याला वैकुंठ मेहता संस्थेत आबा जाऊन आले, ताळेबंद कसा वाचायचा ते ऐकून आले. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही जाऊन आले. पण मांजरीला बेणं, खत, उतारा शिकवतात, म्हणजे उसाबद्दल शिकवतात. सुनेनं गाठून दिलेला पुण्याचा कोच मात्र आबांबद्दल शिकवू लागला. इतका गोड विषय आबांना जन्मात कुणी काढून दिला नव्हता.

फी तासावर. आबांनी ती लगेच टनात मोडली. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, त्या हिशेबानं एका तासाला दोन टन ऊस. तोडणी-वाहतूक वजा धरली तर जवळजवळ तीन. "तासात तीन टन गव्हाणीत जातोय," आबा म्हणाले, "पण रस निघतोय."

रस असा, की पुढाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. समोरच्याचं उत्तर त्याच्या पोटातच असतं. या विद्येचं मूळ टिमोथी गॅल्वे या टेनिस शिकवणाऱ्या अमेरिकन माणसाच्या १९७४ च्या पुस्तकात आहे. पुढं जॉन व्हिटमोर या इंग्रजानं ती कंपन्यांच्या दारी नेली. टेनिसपाशी आबा थोडे साशंक होते. पण व्हिटमोर मोटारींच्या शर्यती जिंकलेला गडी होता हे कळल्यावर त्यांचा विश्वास बसला. शर्यतीतला माणूस खोटं बोलत नाही, अशी आमच्या भागाची समजूत आहे. (बैलगाड्यांच्या निकालावरून होणाऱ्या मारामाऱ्या तिला अपवाद.)

मग गट ऑफिसात जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. वस्तीवरचे नाना आले. आडसाली उसाला सतरा महिने झालेले, वर तुरा आलेला, आत वजन घटत चाललेलं, आणि तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय फोन उचलत नाही.

"आबा, तोड कधी देताय?"

आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाना, तुमच्या मते कधी यायला पाहिजे?"

"कालच!"

"छान. मग काल का आली नाही, असं तुम्हाला वाटतं?"

"तुमी दिली न्हाई म्हणून!"

"बरं. आता यातलं तुमच्या हातात काय आहे?"

"कोयता," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला टोळी नानांच्या बांधावर हजर. आबा याला प्रश्नाची ताकद म्हणतात.

मग कोचनं ३६० अंशांचा अभिप्राय मागवायला सांगितला. वरच्या-खालच्यांनी, आजूबाजूच्यांनी नाव न घालता आपल्याबद्दल लिहायचं. आबांनी बाकीच्या वीस संचालकांना चिठ्ठ्या वाटल्या. एकोणीस चिठ्ठ्यांवर "खंबीर नेतृत्व" आलं, त्यातल्या बारांवर एकाच अक्षरात. एक चिठ्ठी कोरी. ती कुणाची, हे शोधण्यात आबांचे पंधरा दिवस गेले. आम्ही सुचवलं, "आबा, चिठ्ठ्या कशाला? तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा असतेच की. तिथं चारी बाजूंनी येतं, आणि कोरं तर काहीच येत नाही." आबा म्हणाले, "ती सभा. हा फीडबॅक."

मला एक गंमत वाटते. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा अध्यक्ष होता. विठ्ठलराव विखे पाटलांसारखे शेतकरी आणि असला प्राध्यापक एका टेबलाला बसत होते. त्यात कोण कुणाचा कोच होता, हे सांगणं कठीण. तासाचं बिल तर कुणीच कुणाला लावलं नाही. हे मी आबांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि हे ऐकून तुम्हाला आतून काय जाणवतंय?" मी चहा संपवून उठलो.

पुढं निवडणूक लागली. आबा पॅनेल घेऊन वस्तीवर नानांच्या ओट्यावर. सोबत आठ-दहा जण, गळ्यात उपरणी. चहा झाला, पाऊसपाणी झालं.

"मग नाना, शिक्का कुणावर?"

नानांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आबा, तुमच्या मतं कुणावर माराय पायजे?"

"कुणावर म्हणजे? आमच्यावर!"

"झकास. मग मला आजून तसं का वाटंना, आसं तुमाला वाटतं?"

पॅनेलनं खाली माना घातल्या. एकानं उगाच चपलेचा अंगठा नीट केला. आबा मात्र हरखून गेले. त्यांनी तिथंच फोन काढला, पुण्याचा नंबर लावला आणि ओट्याखाली उतरून ओरडून सांगितलं, "सर, टेलला पोचलं!"