न राहिलेल्या रात्रींचा हिशेब

प्रति,
प्रवर्तक आणि संचालक मंडळ,
पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड, मुंबई

महोदय,

आपण हॉटेलचे सभासदत्व विकत होतो, लोकांकडून ठेवी घेत नव्हतो, असे तुम्ही सेबीपुढे मांडलेत. सभासदाला खोलीच्या रात्री मिळतात, म्हणजे हा टाइमशेअरचा व्यवसाय आहे, असा तुमचा बचाव होता. म्हणून मी तुमचा हिशेब हॉटेलच्याच मापाने मांडणार आहे. सावकारीचे किंवा चिटफंडाचे माप लावले तर तुम्ही पुन्हा म्हणाल, आमचा धंदा वेगळा होता.

2002 ते 2014 या काळात तुम्ही 51 लाखांहून अधिक लोकांकडून पैसे गोळा केलेत. सेबीने 29 फेब्रुवारी 2016 च्या आदेशात रक्कम लिहिली आहे: 7,035 कोटी रुपये. भागाकार केला तर माणशी सरासरी साडेतेरा हजारांच्या आसपास येते. हा आकडा मला 7,035 कोटींपेक्षा जास्त छळतो. मोठा गुंतवणूकदार साडेतेरा हजार रुपये घेऊन येत नाही. ती रक्कम दूध घालणाऱ्या बाईची असते, पॉवरलूमवरच्या कामगाराची असते, एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाची असते. यांतल्या कितीजणांना गोव्यातल्या किंवा पुण्यातल्या हॉटेलात रात्र काढायची होती? तुम्हाला उत्तर माहीत होते. त्या उत्तरावरच तुमची योजना उभी होती.

योजना साधी होती. एकरकमी किंवा हप्त्याने पैसे भरायचे. त्या बदल्यात ठरावीक मुदतीत हॉटेलच्या ठरावीक रात्री मिळणार. रात्री वापरल्या नाहीत, तर मुदत संपल्यावर ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणून भरलेल्यापेक्षा जास्त रक्कम परत. या शेवटच्या वाक्यासाठीच लोक आले. आधीची सगळी वाक्ये कायद्याला दाखवण्यासाठी होती.

आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली माणसे कामानिमित्त पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत उतरतात. निष्ठावान पाहुण्याला सवलत म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे. हॉलिडे इन आणि मॅरियट या साखळ्यांनी 1983 मध्ये अशा योजना सुरू केल्या. क्रम असा असतो: आधी पाहुणा राहतो, बिल भरतो, मग त्याच्या खात्यात गुण जमा होतात. मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेत प्लॅटिनम दर्जासाठी वर्षाला 50 रात्री लागतात. तो दर्जा मिळाला, की जिथे एक्झिक्युटिव्ह लाउंज आहे अशा बऱ्याच हॉटेलांत सभासदाला आणि त्याच्याच खोलीत उतरलेल्या एका सोबत्याला आत जाता येते. चहा, नाश्ता, संध्याकाळचे खाणे मिळते. सोबती एकच, दुसरा नाही. कुटुंब घेऊन गेलेला माणूस तिथे अडतो, चिडतो, व्यवस्थापकाला बोलावतो. बायको आत आणि आई बाहेर, हा काय पाहुणचार, असे विचारतो. मला स्वतःलाही तो नियम कोता वाटतो. आईवडिलांना घेऊन उतरणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे आणि परदेशात बसून नियम लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नाही. पण त्या वादात एक गोष्ट खरी असते. दारात उभा असलेला माणूस त्याला कबूल केलेली वस्तू मागत असतो, आणि ती द्यायची की नाही याचे उत्तर हॉटेलला त्याच संध्याकाळी, तोंडावर द्यावे लागते. वचन रोज तपासले जाते. शिवाय न वापरलेले गुण हे कंपनीचे देणे म्हणून हिशेबाच्या वह्यांत दाखवावे लागतात.

टाइमशेअरचेही तसेच. स्टर्लिंगने 1986 मध्ये आणि महिंद्र हॉलिडेजने 1996 मध्ये भारतात हा व्यवसाय सुरू केला. क्लब महिंद्रचे सभासदत्व 25 वर्षांचे असते, हंगामानुसार त्याला जांभळा, लाल, पांढरा, निळा असे रंग दिलेले असतात. या कंपन्यांविरुद्धही ग्राहक आयोगात लोक गेले आहेत. त्यांची तक्रार ऐका: मे महिन्यात खोली मिळत नाही, दिवाळीत आरक्षण होत नाही, वार्षिक देखभाल शुल्क वाढते. तक्रार खोलीची आहे, कारण सभासदाला खोली हवी आहे. तुमच्या दारात उभ्या राहिलेल्या लाखो लोकांची तक्रार काय होती? मुद्दल परत द्या. खोली मिळाली नाही म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. तुमच्या बचावाला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

आता तुमच्या बाजूने जितके उदार होता येईल तितके होऊन एक गणित करतो. त्या काळात मध्यम दर्जाच्या हॉटेलातली एक रात्र अडीच हजारांना धरू. 7,035 कोटींत सुमारे 2 कोटी 81 लाख रात्री बसतात. शंभर खोल्यांचे हॉटेल वर्षभर एकही खोली रिकामी न ठेवता चालले, तर वर्षाला 36,500 रात्री होतात. म्हणजे तुम्ही विकलेल्या रात्री खरोखर द्यायच्या, तर शंभर खोल्यांची 64 हॉटेले सलग बारा वर्षे, फक्त सभासदांसाठी, रोज पूर्ण भरलेली चालवायला हवी होती. तुमच्याकडे हॉटेले आणि जागा होत्या, हे मी नाकारत नाही. पुण्यात बाणेरला एका रस्त्याला लोक अजून पॅनकार्ड क्लब रोड म्हणतात. पण एवढ्या रात्री पुरवणारी हॉटेले तुमच्याकडे नव्हती आणि सगळे सभासद एका वर्षी खोली मागायला आले असते, तर त्यांना झोपवायला तुमच्याकडे जागा नव्हती.

मग प्रश्न येतो, रात्र न वापरणाऱ्याला वाढीव रक्कम कुठून मिळणार होती? रिकामी खोली उत्पन्न देत नाही. हॉटेल हा कठीण धंदा आहे, हे कोल्हापुरात वेगळे सांगावे लागत नाही. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस, 1931 ते 1934 मध्ये बांधलेला राजवाडा, पुढे हॉटेल झाला. तळे समोर, नाव राजघराण्याचे, वास्तू देखणी, तरीही ते हॉटेल बंद पडले. राजवाड्याला जे जमले नाही, त्यातून तुम्ही लाखो लोकांना ठरलेल्या तारखेला ठरलेला परतावा देणार होता. 31 जुलै 2014 रोजी सेबीने अंतरिम आदेशाने तुम्हाला नवे पैसे घ्यायला मनाई केली. त्यानंतर जुन्यांची देणी थकली. धंदा हॉटेलचा असता तर नवे सभासद थांबल्याने हॉटेलातला पाहुणा थांबला नसता. पैसे कुठून कुठे जात होते, ते या एका घटनेने दाखवले.

तुम्हाला कायदा माहीत नव्हता, हेही मी मानत नाही. नव्वदच्या दशकात सागवानाच्या रोपांवर, शेळ्यांवर, फळबागांवर पैसे दुप्पट करून देणाऱ्या कंपन्यांनी महाराष्ट्रातली घरे धुऊन नेली. त्यातून डॉ. एस. ए. दवे समितीची नेमणूक झाली, 1999 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले आणि सेबी कायद्यात कलम 11एए आले. अनेकांचे पैसे एकत्र करायचे, नफ्याच्या अपेक्षेने ते घ्यायचे, त्यांचा कारभार दुसऱ्याने करायचा आणि पैसे देणाऱ्याला रोजच्या व्यवहारात काही अधिकार नाही, अशी कोणतीही योजना सेबीच्या नोंदणीशिवाय चालवता येत नाही. तुमची 2002 पासूनची वसुली हे नियम आल्यानंतरची आहे. सागाच्या जागी खोली ठेवली, एवढाच बदल. मुंबईच्याच सिट्रस चेक इन्स आणि रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपन्यांनीही हॉटेलच्या सुट्ट्यांच्या नावाने हेच केले आणि सेबीने 2015 मध्ये त्यांच्यावरही कारवाई केली.

तुमच्या सगळ्या कारभारात मला सर्वात नीच वाटते ती एजंटांची साखळी. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात तुम्ही मुंबईहून सूटबूट घातलेली माणसे पाठवली नाहीत. तुम्ही आमच्यातलीच माणसे घेतलीत. मेहुणा, शाळेतला शिक्षक, भिशी चालवणाऱ्या वहिनी, तालमीतला जुना गडी. कोल्हापूर भिशीवर वाढलेले गाव आहे. गल्लीतली दहा-वीस माणसे महिन्याला पैसे काढतात, पाळीपाळीने उचलतात, आणि कागद नसतानाही व्यवहार चालतो, कारण उद्या सकाळी तोंड दाखवायचे असते. हा विश्वास कुणी कंपनीने तयार केलेला नाही, पिढ्यांनी तयार केला आहे. तुम्ही तो भाड्याने घेतलात आणि त्याचे भाडे कमिशनच्या रूपाने एजंटाला दिलेत. पैसे अडकले तेव्हा तुमचे कार्यालय दूर होते, एजंटाचे घर समोर होते. लोक त्याच्या दारात बसले. लग्नकार्यातली आमंत्रणे थांबली, भाऊ भावाशी बोलेनासे झाले. एजंटांनाही मी सोडत नाही: कमिशन घेताना त्यांनी विचारायला हवे होते की रात्री न वापरणाऱ्याला पैसे कुठून देता. पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी स्वतःचे आणि स्वतःच्या आईबापांचेही पैसे याच योजनेत घातले होते. त्यांना पुढे करून तुम्ही मागे उभे राहिलात.

सेबीने 2016 मध्ये तीन महिन्यांत पैसे परत करा म्हणून सांगितले. तुम्ही केले नाहीत. मग वसुलीची कारवाई झाली, मालमत्तांवर टाच आली, लिलाव पुकारले गेले. 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ज्यांनी बारा-पंधरा वर्षांपूर्वी हप्ते भरले होते, त्यांना पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे, पुन्हा मुदती. ज्या बाईला एजंटाने फॉर्म भरून दिला होता, तिला आता ईमेल आणि दावा क्रमांक सांभाळायचा आहे. पावती ज्या पिशवीत होती ती पिशवी 2019 च्या किंवा 2021 च्या महापुरात पंचगंगेने नेली असेल, तर तिने काय करायचे?

खोली देणे म्हणजे काय, हे कोल्हापूर शहराला शिकवायची गरज नाही. 1901 मध्ये शाहू छत्रपतींच्या काळात इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून आलेले पोर त्या खोलीत खरोखर राहिले, जेवले, शिकले. त्याच शहरात आणि त्याच जिल्ह्यात तुम्ही अशा खोल्या विकल्या, ज्यांत कुणी राहायचेच नव्हते.

माझ्या मागण्या तीन आहेत. कंपनीच्या आणि तुमच्या समूहातल्या इतर कंपन्यांच्या नावे या पैशांतून काय काय घेतले, त्याची पूर्ण यादी स्वतःहून जाहीर करा; तपास यंत्रणांनी खणून काढायची वाट पाहू नका. विकलेल्या आणि प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या रात्रींचे वर्षवार आकडे जाहीर करा, म्हणजे टाइमशेअरच्या बचावाचा निकाल लोकांसमोर लागेल. आणि लिलावात, दाव्यांत, न्यायालयात अडथळे आणणे थांबवा. सरासरी साडेतेरा हजार रुपये भरणारे अनेकजण आता सत्तरीत आहेत, काही गेले आहेत, आणि वारसांना कागद सापडत नाहीत.

पत्र खुले आहे, म्हणून वाचणाऱ्यांशी दोन शब्द. आजही फोन येतात: तुमची निवड झाली आहे, सपत्नीक जेवायला या, मोफत मुक्काम मिळवा, हॉटेलचे सभासद व्हा. जा किंवा जाऊ नका, पण तिथल्या माणसाला एवढेच विचारा की मी एकही रात्र राहिलो नाही तर काय. पैसे बुडतील म्हणाला, तर तो निदान हॉटेल विकतो आहे. परवडते का ते बघा. वाढवून परत देऊ म्हणाला, तर सेबीचे नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि ते हातात येईपर्यंत सही करू नका. जुन्या पावत्या, प्रमाणपत्रे, हप्त्यांची पुस्तके फेकू नका. त्यांच्या दोन झेरॉक्स काढून एक दुसऱ्या घरी ठेवा. सेबीचा टोल-फ्री क्रमांक 1800 266 7575 आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

कोल्हापूरचा एक नागरिक