रेघ नको, लूक हवा

वेबसाइट बनवणाऱ्या मंडळींनी एका जुन्या शत्रूचा कायमचा बंदोबस्त केला आहे. शत्रू म्हणजे लिंकखालची रेघ. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला, तेव्हा लिंक निळी असे आणि तिच्याखाली रेघ असे. किती गावंढळ प्रकार! कुठे क्लिक करायचं ते कुणालाही कळायचं. २०१४ मध्ये गूगलने शोधनिकालांतली रेघ पुसली आणि मग काय, थोरांनी टाकलेलं पाऊल म्हटल्यावर गल्लीबोळातल्या साइटही निघाल्या मागोमाग.

आता राखाडी मजकुरात लिंक असते ती जराशी निळसर राखाडी. याला ‘क्लीन लूक’ म्हणतात. लूक ठरवणाऱ्याची नजर घारीची, स्क्रीन भिंतीएवढा. वापरणाऱ्या काकूंना काचबिंदू. हयातीच्या दाखल्यासाठी त्या स्क्रीन चौपट मोठा करून बसल्या आहेत, त्यामुळे एका वेळी जेमतेम तीन-चार शब्द दिसतात. ‘अधिक माहिती व अर्ज येथे पाहा’ या ओळीत लिंक नेमकी कुठल्या शब्दावर? काकू एकेका शब्दावरून माऊस फिरवतात. बाण नेमका लिंकवर गेला की रेघ उमटते! बसमध्ये चढल्यावर पाटी दाखवावी, तशी ही सोय. मोबाइलवर तर माऊसही नाही. तिथे बोट लावायचं आणि जे उघडेल त्याला आपलं म्हणायचं.

वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष सांगतात, की नुसत्या रंगावर काही सोपवू नका. सोपवायचंच असेल तर लिंक आणि आजूबाजूचा मजकूर यांच्या रंगांत निदान ३:१ एवढा फरक ठेवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५:१. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर २१:१ मिळतात, पण काळं कोण लिहितं हल्ली? ७७७७७७ या क्रमांकाची लाडकी राखाडी पांढऱ्यावर ४.४८ पर्यंत जाते, म्हणजे काठावर नापास. आपल्याकडच्या बऱ्याच राखाड्या परीक्षेलाच बसत नाहीत.

विचारलंत तर उत्तरं तयार असतात. देवनागरीला वर शिरोरेषा असताना खाली आणखी रेघ कशाला? शिवाय ती उकार कापते. कापते खरी; ‘सूचना’मधला दीर्घ ऊकार बिचारा कायम जखमी. पण रेघ थोडी खाली सरकवायला कोडची एक ओळ पुरते. ती लिहायला मात्र बजेट नसतं. बजेट गेलं कोपऱ्यातल्या ‘अ+ अ अ-’ या बटणांवर. ती दाबली की अक्षर मोठं होतं, लिंक आहे तशीच बेपत्ता.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यात अल्पदृष्टीची वेगळी नोंद आहे. सरकारी साइटसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात बसवलं. म्हणजे प्रकरण जीवन-मरणापर्यंत गेलं, तरी रेघ काही परत आली नाही. लूक बिघडतो ना!

तेव्हा वाचकहो, लिंक सापडली नाही तर लगेच चष्म्याचा नंबर तपासायला धावू नका. आधी त्या साइटकडे लेखी तक्रार करा. ‘संपर्क’ पानाच्या तळाशी आहे. फिकट राखाडीत.